तारा ओढून झाल्या, आता वीज वाचवायची कुठे?

रुळावरचा
रोहा ते मंगळुरूजवळचं ठोकूर, कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च 2022 मध्ये पुरं झालं. देशातली जवळजवळ सगळी ब्रॉडगेज तारेखाली आली. 2030 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन हे रेल्वेचं जाहीर उद्दिष्ट आहे. आनंदच आहे. पण किती किलोमीटर तार ओढली, हा बचतीचा हिशोब नव्हे. हजार टन वजन एक किलोमीटर न्यायला किती युनिट लागले, तो खरा हिशोब. रेल्वे तो ठेवते, पण आपण त्याबद्दल बोलतच नाही.

5000 टनांची मालगाडी ताशी 75 किलोमीटरने धावते तेव्हा तिच्या वेगात साधारण 300 युनिट ऊर्जा असते. लहान घराला तीन महिने पुरेल एवढी वीज. मेलला वाट द्यायला ती लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतली की हा वेग मोडायचा आणि पुन्हा उभा करायचा. दिवसात असं किती वेळा होतं? म्हणून माझं मत असं, की आता पैसा दुहेरीकरणावर, वेळापत्रकावर आणि लोको पायलटला कोस्टिंग (वीज बंद करून गाडी आहे त्या वेगावर धावू देणं) नीट शिकवण्यावर घाला. आणि एक्स्प्रेसचे थांबे कमी करा.

चाकरमानी
शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य. तुमच्याच पद्धतीने हिशोब करू. 1300 टनांची गाडी 110 च्या वेगावरून थांबवून पुन्हा तिथवर न्यायला 170 युनिट धरा. सहा-सात रुपयांनी हजार-बाराशे रुपये झाले. माझ्या तालुक्याच्या स्टेशनावर दहा-पंधरा माणसं चढली की पैसे वसूल. थांबा काढलात तर तीच माणसं मुंबई-गोवा महामार्गावर गाड्या घालतील. ते डिझेल-पेट्रोल कुणाच्या खात्यात मांडणार? रेल्वेची वीज वाचली आणि देशाचं तेल वाढलं, याला मी बचत म्हणणार नाही.

निवृत्त टीआरडी
मी 34 वर्षं टीआरडीत, म्हणजे रेल्वेच्या तारांची वीज सांभाळणाऱ्या विभागात, तारांवरच काढली, तेव्हा तारांना कमी लेखलेलं मला चालणार नाही. ते 300 युनिट सगळेच वाया जात नाहीत. थ्री-फेज इंजिन ब्रेक लावताना मोटरचं जनित्र करतं आणि काही वीज तारेत परत देतं. भोर घाटात 37 ला 1 चा उतार आहे. तिथे उतरणारी गाडी वीज देते आणि चढणारी घेते, हे आम्ही मीटरवर पाहिलंय. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 ला पहिली विजेची गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर (एकदिश प्रवाहावर), आणि मध्य रेल्वेवर ते डीसी 2016 पर्यंत टिकलं. आताच्या 25,000 व्होल्टला त्याच कामासाठी प्रवाह कितीतरी कमी लागतो, म्हणून तारेतली गळतीही कमी.

दुसरं, एलएचबी, म्हणजे नव्या धाटणीच्या डब्यांच्या, गाडीच्या टोकाला जनरेटरचा डबा असतो. दिवे, पंखे, एसीसाठी तो वाटभर डिझेल जाळायचा. आता हेड ऑन जनरेशनमुळे ती वीज इंजिनातून येते. डिझेल इंजिन लावून हे जमलं असतं का? तारेशिवाय ही बचत झालीच नसती.

कोराडीकर
तार आली, पण वीज कुठून येते? बोगद्यातला धूर उठून औष्णिक केंद्राच्या चिमणीत गेला, आणि त्या चिमणीखाली आम्ही राहतो. 2020 मध्ये मध्य प्रदेशात बीना इथे 1.7 मेगावॉटचा सौर प्रकल्प थेट 25,000 व्होल्टच्या तारेला जोडला, ही मोलाची सुरुवात. पण मालगाडीच्या एकट्या डब्ल्यूएजी-9 इंजिनाला पूर्ण जोर लावायला साडेचार मेगावॉट लागतात. आधी मागणी घटवा, मग सौर पुरेल. म्हणून मी रुळावरच्याच्या बाजूने.

रुळावरचा
टीआरडीकाका, जनरेटरच्या डब्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. चाकरमानी, थांब्यांचं मी मागे घेतो. प्रवासी चढवणारा थांबा आणि क्रॉसिंगसाठी, म्हणजे एकेरी मार्गावर समोरच्या गाडीला वाट द्यायला, सिग्नलवर अर्धा तास उभं राहणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात कुणाचंच भलं नाही. रोहा-वीर दुहेरी झालं, पुढचं का नाही?

निवृत्त टीआरडी
कारण पुढे सह्याद्री आहे. मूळ मार्गावर 91 बोगदे, त्यात एकटा करबुडे साडेसहा किलोमीटरचा. प्रत्येकाशेजारी दुसरा खोदायचा म्हणजे केवढा खर्च! त्याआधी खारेपाटण रोडसारखी क्रॉसिंग स्थानकं आणि लांब लूप वाढवा. दोन क्रॉसिंगमधलं अंतर कमी झालं की वाट पाहणं कमी होतं, आणि ते काम बोगद्याच्या मानाने पुष्कळ लवकर उरकतं.