मदत हवी आहे: सातव्या मजल्यावर पाणी चढत नाही, भाडेकरूंनी नोटीस कुणाला द्यावी?

राम राम मंडळी. जळगावात सात मजली 'लक्झरी' बिल्डिंग, मेंटेनन्स महिना ३,५०० रुपये, तरी वरच्या दोन मजल्यांवर नळाला धार नाही. प्रेशर पंप दर चार-पाच सेकंदांनी चालू-बंद होतो. प्रेशर टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबली की पाणी उडतं, म्हणजे आतला रबरी ब्लॅडर (पाणी आणि हवा वेगळी ठेवणारी पिशवी) फाटलाय. तो बदलायचा आणि टाकीतलं पाणी काढून, पंप ज्या दाबाला सुरू होतो त्याच्यापेक्षा ०.२ बार कमी हवा भरायची, एवढंच काम. मॅनेजर मात्र प्रेशर स्विचचा (दाबानुसार पंप चालू-बंद करणारा स्विच) स्क्रूच पिळत बसतो. अशाने मोटर जळेल, मग ऐन मे महिन्यात टँकर!

लिफ्टच्या एआरडीची (लाइट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं यंत्र) बॅटरीही बसलीय. लाइट गेली की लिफ्ट मधेच अडकते, आत म्हातारी माणसं असतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम १४ प्रमाणे घरमालकाला किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत. पण आमचे सगळे करार ११ महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स. त्यांना हे लागू होतं का? सामाईक पंपासाठी नोटीस घरमालकाला की सोसायटीला? कुणी प्रत्यक्ष दिली असेल तर मसुदा टाका. १०० लिटरच्या टाकीचा ब्लॅडर जळगाव-भुसावळात कुठे मिळेल, तेही सांगा.