पिकअप, ओढ, दम: जुन्या मोटरसायकलींच्या इंजिनाविषयी बोलताना

फोंडेकर: फोंड्यात एक जुनी बुलेट विकायला आहे. जाहिरातीत लिहिलंय, 'फायरिंग कडक, पिकअप ठीक, दम भरपूर'. पिकअप आणि दम वेगळे की विकणाऱ्याने एकच गोष्ट दोनदा सांगितली? शिवाय आमच्याकडे चढावर गाडी 'ओढते' म्हणतात, तो तिसराच शब्द.

डिचोलीकर: वेगळे आहेत. दोन गाड्या शेजारी उभ्या करा. कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० ही ३४६ सीसीची, राजदूत ३५० ही ३४७ सीसीची. म्हणजे सीसी जवळजवळ तेच. पण बुलेटला एकच सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०. राजदूतला दोन सिलिंडर, बोअर ६४, स्ट्रोक ५४, आणि वर टू-स्ट्रोक. बुलेटचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारं चाक, जड. ते वेग घ्यायला वेळ लावतं, पण एकदा फिरायला लागलं की चढ आला म्हणून लगेच दबत नाही. केरीहून चोर्ला घाट चढताना मागे माणूस आणि सामान असूनही सारखा गिअर पाडावा लागत नाही, ती ओढ. राजदूत खालच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) गप्प असते, रेस वाढली की एकाएकी उसळते, तो पिकअप. ताकद मोजाल तर बुलेट १८ बीएचपीच्या आसपास आणि राजदूतचं हाय टॉर्क मॉडेल ३०.५. तरी भरल्या गाडीने घाट चढायचा तर मी बुलेटच घेईन.

आता दम. दिवसभर एका चालीत पळवूनही इंजिन तापून ढिलं पडलं नाही, तर त्यात दम आहे.

वाळपईकर: दमाचं पटलं नाही. आमच्या सत्तरीत 'गाडीत दम नाही' म्हणजे सरळ ताकद नाही. दिवसभर कोण पळवतंय? घरासमोरचा चढ घेईना, एवढाच अर्थ.

डिचोलीकर: बोलण्यात तसं होतं, कबूल. पण मग 'ओढत नाही' आणि 'दम नाही' यांत फरकच उरत नाही. बेळगावला जाऊन-येऊन करणाऱ्याला तो फरक लागतो.

म्हापसेकर: खरी गंमत 'फायरिंग'ची आहे, तिच्याकडे कुणी पाहिलंच नाही. गॅरेजमध्ये या शब्दाचे दोन अर्थ चालतात. मेकॅनिक 'फायरिंग चुकतंय' म्हणतो तेव्हा तो प्लग, पॉइंट, टायमिंग यांबद्दल, म्हणजे ठिणगी नीट आणि वेळेवर पडण्याबद्दल, बोलत असतो. पोरं 'फायरिंग मस्त' म्हणतात ते सायलेन्सरच्या आवाजाला. बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टन फिरवतो त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच ठिणगी कामाला येते. बुलेट ८०० आरपीएमवर सोडली, तर मिनिटाला ४०० ठोके, सेकंदाला सहा-सात. म्हणून कानाला ते सुटे ऐकू येतात. राजदूत टू-स्ट्रोक, तिचे दोन सिलिंडर प्रत्येक फेरीला एकेकदा पेटतात. १२०० आरपीएमलाच सेकंदाला ४० ठोके, ते सुटे कसे ऐकू येणार? नुसती घरघर. त्यामुळे राजदूतवाल्याच्या तोंडी 'फायरिंग' शब्द क्वचित, तो 'टोन' म्हणतो. जाहिरातीतल्या 'कडक'चा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की मूळ सायलेन्सर काढून दुसरा ठोकलाय.

पेडणेकर: आमचे आजोबा सगळ्यांनाच फटफटी म्हणायचे, येझदीलासुद्धा. येझदीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन, रेस सोडली की ती 'डुगडुग' करते, फटफटत नाही. पण शब्द रूढ झाला तो झाला.

यात अजून एक भर. हणजूण-वागातोरला परदेशी प्रवाशांबरोबर कधी जुन्या बीएमडब्ल्यू येतात, आडव्या दोन सिलिंडरच्या. समोरासमोरचे पिस्टन एकमेकांचा धक्का जिरवतात, म्हणून बुलेटसारख्या हाताला मुंग्या येत नाहीत. मात्र क्रँक गाडीच्या लांबीत बसवलेला, त्यामुळे उभ्या गाडीला रेस दिली की ती उजवीकडे कलते. याला काय म्हणायचं? 'इंजिन-चारित्र्य' असं एकाने लिहिलेलं वाचलं आणि हसू आवरेना. गाडी काय परस्त्रीकडे बघते?

वाळपईकर: खोड म्हणा. बैलाला असते तशी गाडीलाही असते. बुलेटची खोड म्हणजे किक उलटी मारणं. आधी डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरातला दाब सोडणारा) दाबून पिस्टन पुढे सरकवायचा, अँमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणारा) काटा मध्यावर आणायचा, मग किक. न जाणता मारली तर पायाला प्रसाद.

डिचोलीकर: खोडीत दोषाचा वास येतो. कलणं हा दोष नाही, रचनाच तशी. तिथे 'स्वभाव' बरा. उलटी किक मात्र खोडच, कारण ती सांभाळून घेता येते.

फोंडेकर: म्हणजे विकणाऱ्याला काय विचारू?

म्हापसेकर: इंजिन कितव्या बोअरवर आहे, म्हणजे झिजलेला सिलिंडर किती वेळा कापून मोठा केलाय, ते विचारा. मग त्याला मागे बसवून चढावर न्या. दम आणि फायरिंगचं तो सांगेल ते सांगू दे, तुम्ही टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांचा) आवाज ऐका.