तातडीने मदत हवी: डेकमध्ये एक स्लॉट मोकळा आहे तरी बॅकअप ड्राइव्ह का बसत नाही?

कृष्णाकाठचा_रनर: रविवारी विश्रामबागेत आमचा गेम आहे. जीएम (गेम चालवणारा) म्हणतो माझ्या पात्राचा डेक, म्हणजे हॅकिंगचा कॉम्प्युटर, फुल्ल झाला, बॅकअप ड्राइव्ह बसणार नाही. जीएम माझाच मावसभाऊ, त्यामुळं जरा जास्तच अडवतो. मी तीनदा मोजलं, एक स्लॉट शिल्लक आहे. कोण बरोबर तेवढं सांगा. लेक्चर नको.

जुना_फासा: कुठला गेम?

कृष्णाकाठचा_रनर: सायबरपंक हो, अजून कुठला.

जुना_फासा: १९८८ चा पहिला, १९९० साली आलेला '२०२०' की आत्ताचा 'रेड'? आमच्या '२०२०' मध्ये स्लॉट नव्हतेच. मेमरी युनिटं असायची, साध्या डेकला १०. मिरजेच्या एका मित्राकडून अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढली होती, पान उलटलं की बोटं काळी. तेव्हाचा हिशोब सरळ होता.

भडंग_विथ_चहा: रॅम वाढव, मग क्विकहॅक जास्त बसतात. मी तसंच केलं.

कृष्णाकाठचा_रनर: भावा, तो '२०७७', कॉम्प्युटरवरचा. आम्ही फासे टाकून खेळतो. 'रेड' आहे, २०४५ सालातला.

वाईकर_मावशी: तुम्ही हॅकिंगवाले दिसता. माझ्या पुतण्याचं फेसबुक कुणीतरी हॅक केलंय, सगळ्यांना पैसे मागतोय. काय करावं?

जुना_फासा: मावशी, कुणी पैसे पाठवले असतील तर आधी १९३० ला फोन लावायला सांगा. इथं सगळे खोटे हॅकर आहेत.

खटावचा_जीएम: रनर, डेक कुठल्या दर्जाचा आणि आत काय काय भरलंय? सगळं लिही. नुसतं 'मी मोजलं' म्हणून चालत नाही.

कृष्णाकाठचा_रनर: स्टँडर्ड, ७ स्लॉटवाला. प्रोग्राम: स्वोर्ड २, आर्मर, वर्म, इरेझर, हेलहाउंड. झाले ६. आणि हार्डवेअरला वेगळी जागा असणारच की, ते काय प्रोग्राम आहे?

खटावचा_जीएम: इथंच घोडं अडलं. हेलहाउंड ब्लॅक आइस आहे, म्हणजे हल्ला करणारा प्रोग्राम, ती दोन स्लॉट खाते. म्हणजे ७ भरले. हार्डवेअरला वेगळी जागा नाही, प्रोग्राम आणि हार्डवेअर त्याच ७ मध्ये बसवायचे. मावसभाऊ बरोबर आहे. पैसे असतील तर एक्सलंट डेक घे, त्यात ९ स्लॉट. पण स्टँडर्ड ५०० युरोबक्सला मिळतो आणि हा १००० ला.

नेट_गडी_सातारा: डेक कशाला बदलतोय? हेलहाउंड काढून टाक, दोन स्लॉट सुटतील. कुत्रं पाळायची हौस कशाला?

खटावचा_जीएम: पुढून दुसरा नेटरनर (हॅकर) आला की कळेल कशाला ते. कुत्रं थेट मेंदूवर २ डी ६ (दोन फाशांची बेरीज) मारतं. काढायचंच तर एक स्वोर्ड काढ.

नेट_गडी_सातारा: आणि समोरच्याचं हेलहाउंड याला चावलं तर? वायरिंग इन्सुलेटेड नसेल तर डेकही पेटतो आणि अंगावरचे कपडेही. आमच्या टेबलावर एक जण पाच हजाराचं जॅकेट घालून आला होता, म्हणजे त्याचं पात्र, आणि जळत जिन्यावरून पळाला. बॅकअप ड्राइव्ह राहू दे, आधी वायरिंग घाल.

खटावचा_जीएम: एका जॅकेटापायी सगळ्यांना वायरिंग विकू नकोस. प्रोग्राम उडाले तर परत कुठून आणणार, तुझ्या जिन्यावरून?

भडंग_विथ_चहा: विश्रामबागेत नक्की कुठं खेळता? मला यायचंय. भडंग माझ्याकडून.

जुना_फासा: १० मेमरी युनिटांत हा वादच झाला नसता.

कृष्णाकाठचा_रनर: हेलहाउंडला 'दोन धर' असं मावसभाऊ मागच्या खेपेला म्हणाला होता खरं. मला वाटलं मुद्दाम अडवतोय. एक स्वोर्ड काढतो, ड्राइव्ह घालतो. भडंगवाले, मेसेज करा.
आता पटकन दुसरं: ॲक्सेस पॉइंट (नेटवर्कमध्ये शिरायची जागा) ६ मीटरच्या आत हवा ना? मग मध्ये भिंत असली तर चालतं का?

जुना_फासा: कुठली भिंत?

वाईकर_मावशी: १९३० लागला. धन्यवाद.