मदत हवी आहे: मॉडेल १०० वर केबलने फाइल पाठवताना अक्षरे गळतात

नमस्कार. १९८३ साली बाजारात आलेल्या टीआरएस-८० मॉडेल १०० या पोर्टेबल संगणकातील मजकूर मी आरएस-२३२ या सिरियल पोर्टमधून नल मोडेम केबलने (दोन संगणक थेट जोडणाऱ्या केबलने) डॉस या जुन्या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर व्यवस्थित उतरवून घेतो. बेसिकचे प्रोग्रॅमही आधी आस्की, म्हणजे साध्या मजकुराच्या, स्वरूपात सेव्ह केले की बिनचूक येतात. अडचण उलट दिशेने आहे. मॉडेल १०० मधील टेलकॉम या संपर्क-प्रोग्रॅममध्ये ‘५८एन१ई’, म्हणजे १२०० बॉडचा वेग, ८ बिट, पॅरिटी (चूक तपासणारा बिट) नाही, १ स्टॉप बिट आणि एक्सऑन-एक्सऑफ (पाठवणाऱ्याला ‘सुरू कर’ व ‘थांब’ सांगणारे इशारे) चालू, अशी मांडणी ठेवून डेस्कटॉपवरून मोठी फाइल पाठवली की काही ओळींनंतर मधलीच अक्षरे गळू लागतात. ३०० बॉडला मात्र एकही अक्षर हरवत नाही.

माझा अंदाज असा आहे की, पडद्यावरच्या ओळी वर सरकवण्यात गुंतलेला मॉडेल १०० थांबण्याचा इशारा देतो, पण डेस्कटॉपवरील प्रोग्रॅम तो वेळेवर पाळत नाही. एक्सऑफ खात्रीने पाळणारा, किंवा निदान प्रत्येक ओळीनंतर ठरावीक विराम घेणारा डॉसवरील प्रोग्रॅम कोणी वापरला आहे का? केबलमध्ये आरटीएस आणि सीटीएसच्या (पाठवणे थांबवण्या-सुरू करण्याचा इशारा देणाऱ्या वेगळ्या) तारा परस्पर उलट जोडलेल्या आहेत. त्यांचा येथे काही उपयोग होतो का, हेही कृपया सांगावे. उतरवून घेतलेल्या जुन्या नोंदी मला दुरुस्त करून पुन्हा मॉडेल १०० वरच ठेवायच्या आहेत.