पुळणीला कुंपण आणि दाराशी तिकीट?

पुळणकर

गेल्या आठवड्यात 'शिस्तप्रिय' यांनी येथे लिहिले की श्रीवर्धन, नागाव, गुहागर, लाडघर आणि डहाणूचा पारनाका या पाच किनाऱ्यांना २०२५ मध्ये निळा झेंडा ('ब्लू फ्लॅग', म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचे आंतरराष्ट्रीय मानांकन) मिळाला आहे, तेव्हा आता कोकणातल्या प्रत्येक किनाऱ्याला कुंपण घालावे, आत पेव्हर ब्लॉकची वाट, हिरवळ, दिवे आणि बाके करावीत आणि दाराशी तिकीट लावावे, म्हणजे 'फुकटे आपोआप गळतील'. त्यांच्या लेखाखाली चार ओळींत उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा.

हे फुकटे कोण, ते आधी सांगतो. कोकणात सपाट जागा दिसली की तिथे भात लागतो किंवा वाडी उभी राहते. गावाला मैदान म्हणून उरते ती पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू. ओहोटीच्या घट्ट वाळूवर मुलांचे क्रिकेट तिथेच चालते, पोलीसभरतीची तयारी करणारी पोरे तिथेच धावतात, बायका तिथेच मासळी सुकवतात आणि दिवसभर आंब्याच्या बागेत राबलेला माणूस संध्याकाळी तिथेच येऊन बसतो. शहरातल्या उद्यानाचे तिकीट चुकवून कोणी आत शिरावे, तशी ही मंडळी शिरलेली नाहीत. ती तिथे आधीपासून आहेत.

दुसरे असे की पुळण ही स्थिर जमीन नव्हे. पावसाळी उधाणाच्या लाटा वाळू ओढून आत नेतात आणि किनारा खचतो; नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागला की तीच वाळू हळूहळू परत येते. या येण्याजाण्याच्या पट्ट्यात भिंत उभी केली की लाट तिच्यावर आपटून पायथ्याची वाळू उकरते, मग त्या भिंतीच्या रक्षणासाठी धूपप्रतिबंधक बंधारा येतो, बंधाऱ्याच्या रक्षणासाठी टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे येतात आणि अखेरीस 'येथे पाण्यात उतरणे धोकादायक आहे' असा फलक येतो. केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये निळ्या झेंड्यासाठी किनारा नियमनात सवलत दिली आणि भरतीरेषेपासून १० मीटरवर बांधकामाला मुभा मिळाली. ज्यांना तिथे हिरवळ पिकवायची आहे, त्यांनी एक पावसाळा त्या रेषेवर उभे राहून पाहावे.

शिस्तप्रिय

माझ्या लेखातले तीन शब्द उचलून त्यांवर एवढा मोठा निबंध रचल्याबद्दल पुळणकरांचे अभिनंदन. मी शहरातून येऊन उपदेश करणारा नाही. माझे घर गुहागर तालुक्यात आहे आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुळणीवर बाटल्यांच्या काचा वेचणाऱ्यांत मीही असतो.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याला सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षक नेमले. आपल्याकडे मोजके किनारे सोडले तर कुठे दिवसभर जीवरक्षक दिसतो, ते पुळणकरांनी सांगावे. त्याचा पगार द्यायचा कोणी? शौचालय नसल्यामुळे स्त्रियांनी सुरूच्या बनात आडोसा शोधायचा, ही कोणती परंपरा आपण जपतो आहोत? निळ्या झेंड्याच्या ३३ निकषांत पाण्याची नियमित तपासणी आहे, जीवरक्षण आहे आणि शौचालयेही आहेत. हा झेंडा एका हंगामापुरता असतो आणि दर वर्षी नव्याने मिळवावा लागतो, म्हणजे फीत कापून विसरून जाण्याची सोय त्यात नाही.

हिरवळ त्या निकषांत नाही, ती माझी भर होती. तिच्यामुळे पुळणकरांची झोप उडत असेल तर ती मी आनंदाने मागे घेतो. तिकीट मात्र मागे घेणार नाही.

चाकरमानी

तिकिटाचा वाद नंतर करा, आधी वाळूवरच्या गाड्यांचे बोला. गेल्या मे महिन्यात आम्ही सहकुटुंब गावी गेलो असता, दापोली तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावर एक भलीमोठी चारचाकी थेट पाण्यापर्यंत नेलेली होती. चालकाला ओल्या वाळूवर गोल गोल फिरवून चित्रफीत काढायची होती. भरती चढू लागली, चाके रुतली आणि जसजसा वेग देई तसतशी गाडी आणखी खाली बसली. शेवटी ट्रॅक्टरने ओढून काढली, तेव्हा आत गुडघाभर खारे पाणी होते. ट्रॅक्टरवाल्याने जी रक्कम सांगितली, ती ऐकून मला कोकणच्या आर्थिक विकासाविषयीच्या माझ्या सर्व शंका दूर झाल्यासारखे वाटले.

आमची मुले मात्र तिथे वाळूत खेळू शकली नाहीत, कारण दर दोन मिनिटांनी कोणाची तरी गाडी अंगावर येत होती.

वाडीवाली

चाकरमानी यांना हसू आले, पण वर्षातून एकदा येणाऱ्याला हसणे परवडते. आमच्याकडे न्याहारी-निवास योजनेतल्या दोन खोल्या आहेत. 'गाडी किनाऱ्यापर्यंत जाते का' हा पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो आणि 'नाही' म्हटले की ते पुढच्या गावी जातात. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेले आहेत. जिच्या माहेरच्या अंगणात समुद्र होता, त्या बाईला आज समुद्र पाहायचा तर तो रस्त्यावरून, सुरूच्या बुंध्यांमधून पाहावा लागतो, कारण त्या वाळूत काठी टेकून चालता येत नाही. वाट बांधणे म्हणजे निसर्गावर बलात्कार, अशा आविर्भावात लिहिणाऱ्या पुळणकरांचे गुडघे बहुधा उत्तम असावेत.

पुळणकर

वाडीवाली ताई, वाट बांधू नये असे मी लिहिलेले नाही. पेव्हर ब्लॉक आणि भिंत नको असे लिहिले आहे. लाकडी फळ्यांची, पावसाळ्याआधी उचलून ठेवता येणारी वाट पुळणीवर टाकता येते. तिच्यावरून चाकाची खुर्चीही जाते आणि वाळूही अडत नाही. त्यासाठी कुंपण लागत नाही आणि तिकीट तर मुळीच लागत नाही. 'बलात्कार' हा शब्द माझ्या तोंडी घालू नये.

शिस्तप्रिय

पाहा, शेवटी पुळणकर जे मागत आहेत ते निकषांतलेच आहे. अपंगांसाठी वाट आणि सोयी हा निळ्या झेंड्याचाच आग्रह आहे, वाळूवर परवानगीवाचून गाड्या नेण्यास मनाई हाही त्याचाच निकष आहे, आणि वाहून आलेले शेवाळ उपद्रव करत नसेल तर किनाऱ्यावर तसेच राहू द्यावे, असेही त्यात म्हटले आहे. लोक झेंडा पाहून चिडतात आणि त्याखालचा कागद वाचत नाहीत.

भेंड-उंडी

कागदावर सगळेच छान असते. वाडीवाली यांनी 'सुरूच्या बुंध्यांमधून' असे लिहिले आणि कोणाला त्यात काही खटकलेही नाही, याचे मला आश्चर्य वाटते. सुरू हे आपले झाड नव्हे. ते मूळचे ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचे. एकोणिसाव्या शतकात कारवारकडे ते जळणासाठी लावले गेले आणि पुढे वनखात्याने 'वाळू अडवणारे झाड' म्हणून ते सगळीकडे पसरवले. आज कोकणातला जो किनारा 'उद्यान' म्हणून दाखवला जातो, त्याच्या मागे सुरूची रांग असतेच असते. त्या रांगेखाली काय उगवते ते कधी खाली वाकून पाहिले आहे का? सुयांसारख्या वाळक्या पानांचा जाड थर साचतो आणि त्यातून गवताचे पातेही वर येत नाही. वाळू खरी धरून ठेवते ती मर्यादवेल, वाळूवर सरपटत पसरणारी. तिच्यामागे केवडा, त्यामागे उंडी, भेंड, करंज अशी जी उतरंड होती ती आपण तोडली, तिथे खांबांसारखी झाडे उभी केली आणि त्यांना सुशोभीकरण म्हटले. तुम्ही तिकिटावर भांडता आहात, पण किनाऱ्याची बाग तर कधीच झालेली आहे, आणि तीही परक्या झाडाची.

चाकरमानी

भेंड-उंडी यांच्या भावना पोचल्या, परंतु आमच्या लहानपणी वाऱ्यात घोंघावणाऱ्या त्याच सुरूखाली आम्ही सुट्ट्या काढल्या. एप्रिलच्या दुपारी पुळणीवर दुसरी सावली कुठे आहे? मर्यादवेलीखाली बसायचे काय?

वाडीवाली

सुरू नसता तर वाऱ्याबरोबर येणारी वाळू आणि खारे फवारे आमच्या पोफळींवर आले असते. निसर्ग वादळात तो होता म्हणून मागची चार घरे तरी वाचली, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात.

भेंड-उंडी

३ जून २०२० चेच उदाहरण घ्यायचे तर नीट घेऊ. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरले आणि मी त्यानंतर त्या पट्ट्यात गेलो होतो. सुरू मुळासकट आडवा पडलेला होता, कारण वाळूत त्याची मुळे उथळ पसरतात. पोफळी मोडल्या, नारळ मोडले, हे मान्य. पण ज्याला 'संरक्षक भिंत' म्हणून लावले तेच झाड रस्त्यावर आणि घरांवर पडले होते. एवढे होऊनही माझ्या ओळखीच्या एका गावात वर्षभराने पुन्हा सुरूचीच रोपे आली, कारण रोपवाटिकेत तीच तयार होती. मी उंडीच्या बिया गोळा करून स्वतः रोपे केली आणि ती लावण्याची परवानगी मागितली, तर 'मंजूर यादीत हे झाड नाही' असे उत्तर मिळाले. तीच उंडी, जिच्या तेलावर एके काळी कोकणातले दिवे जळत होते!

शिस्तप्रिय

आपली उंडी मंजूर झाली नाही, हे दुःखद आहे. तथापि या धाग्याचा विषय किनाऱ्याचे व्यवस्थापन हा आहे, आपला अर्ज हा नव्हे. तामिळनाडूत २००४ च्या त्सुनामीनंतर किनारभर सुरूच लावला, ते सगळे मूर्ख होते काय?

भेंड-उंडी

मूर्ख नव्हते, घाईत होते. सुरू नत्र स्वतः मिळवतो, वाळूत भराभर वाढतो आणि फोटोत लवकर हिरवा दिसतो. घाईत लावलेले झाड घाईत पडते, यात नवल काय? शिवाय तो भरतीरेषेच्या अगदी जवळ आणला की कासवाला अंडी घालायला मोकळी वाळू उरत नाही. कासवे आठवतात का कोणाला? येथे एवढे प्रतिसाद झाले आणि त्यांचे नावही निघाले नव्हते.

पुळणकर

कासवांचा मुद्दा भेंड-उंडी यांनी काढला ते बरे झाले, जरी त्यासाठी आम्हांला अर्धे वनस्पतिशास्त्र ऐकावे लागले. ऑलिव्ह रिडले मादी हिवाळ्याच्या सुमारास रात्री पुळणीवर चढते, शंभरेक अंडी घालते आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले पाण्याकडे निघतात. ती पाण्याकडे वळतात ती उजेड पाहून. किनाऱ्यावर रांगेने दिवे लावले की ती उलटी गावाकडे येतात. चाकरमानी यांनी पाहिलेल्या गाडीच्या चाकांच्या खोल चाकोरीत पडले तर पिल्लू बाहेर निघूच शकत नाही. ओडिशात २०२१ मध्ये ज्या मादीला बिल्ला लावला होता, ती जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. तिने देशाला वळसा घालून जी जागा निवडली, तिथे आपण कोणते दिवे लावणार आहोत, हे शिस्तप्रिय यांनी सांगावे.

आणि पैशांचे म्हणाल तर वेळासकडे पाहा. २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांचे काम केले. आता हंगामात लोक पहाटे केवळ पिल्ले पाहायला येतात, गावातल्या घरांत राहतात आणि जेवतात. तिथे कोणी हिरवळ मागत नाही.

शिस्तप्रिय

कासवांच्या काळात दिवे बंद ठेवावेत, याला कोणीही विरोध केलेला नाही. वेळास हे लहान गाव आहे, तिथे हंगामही ठरावीक असतो. शनिवार-रविवारी नागाव-काशिदला येणारी गर्दी पिल्ले पाहायला येत नाही, पाण्यात उतरायला येते. त्या गर्दीचा कचरा, त्या गर्दीची सुरक्षा आणि त्या गर्दीचे शौचालय यांचा खर्च कासव देणार आहे काय?

रापणीचा दोर

मी मालवणकडचा आहे. येथपर्यंतचे सगळे वाचले. झाडे, कासवे आणि पाहुणे यांची काळजी वाहणाऱ्या या चर्चेत रापणकराचे, म्हणजे किनाऱ्यावर उभे राहून रापणीचे मोठे जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराचे नाव कोठेही आलेले नाही, हे नोंदवतो. रापण ओढायची तर दोन्ही टोकांना माणसे उभी राहून दोर ओढतील एवढी मोकळी पुळण लागते. आमच्याकडे त्याच जागेवर आता जलक्रीडेच्या होड्या लागतात, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात आणि आम्ही जाळे घेऊन आलो की 'जरा बाजूने ओढा' असे ऐकावे लागते. शिस्तप्रिय यांच्या कुंपणाला दार असेल, तर आमची होडी त्या दारातून तिकीट काढून जाईल काय? आणि पुळणकर 'मोकळी पुळण' असे लिहितात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे क्रिकेट असते. पुळण ही आमची कामाची जागा आहे. तुमची करमणूक तिथे आमच्या सवडीने चालत आली आहे.

शिस्तप्रिय

मच्छीमारांना सूट असावी, हे मी गृहीत धरले होते.

रापणीचा दोर

सूट देणारे आपण कोण?

वाडीवाली

भांडण वाढवू नका. माणसाला तिकीट लावू नये, गाडीला लावावे. पुळणीच्या अलीकडे, रस्त्याला लागून वाहनतळ करावा, तिथे पावती फाडावी आणि पुढे चालत जावे. पाहुणे कुरकुरतील, पण सगळ्याच गावांनी तसे केले तर ते पुढच्या गावी जाऊन काय करणार? आणि चालता येत नाही त्यांच्यासाठी पुळणकरांची ती फळ्यांची वाट आधी टाका, नंतर बाकी.

शिस्तप्रिय

ठीक आहे. माणशी तिकिटाऐवजी वाहनशुल्क, हे मला चालेल. मी मूळ लेखात तेच सुचवले असते तर हा धागाच निघाला नसता आणि उंडीवरच्या या प्रवचनाला आपण मुकलो असतो. परंतु तो पैसा जीवरक्षकावर आणि शौचालयावरच खर्च झाला पाहिजे.

पुळणकर

हे चालेल, पण एका अटीवर. महिन्याला किती पावत्या फाडल्या आणि पैसे कोठे गेले, याचा कागद ग्रामपंचायतीच्या दारावर लागला पाहिजे. मी पाहिलेल्या एका गावात 'स्वच्छता कर' म्हणून गाडीमागे पैसे घेतात आणि कचरापेटी वाहनतळाच्या पलीकडे एकही नाही. कुंपणाला माझा विरोध कायम आहे. वाहनतळाची जागा ठरवताना रापणकरांना विचारावे लागेल, हेही लिहून ठेवा.

रापणीचा दोर

विचारावे लागेल ते आधी, जागा ठरल्यावर नव्हे.

भेंड-उंडी

वाहनतळाला सावली लागणारच, आणि तिथेही सुरू लावाल याची मला खात्री आहे. भेंडाची फांदी पावसाच्या तोंडावर नुसती खोचली तरी लागते, रोपवाटिकेची वाट पाहावी लागत नाही. ज्यांना फांद्या हव्यात त्यांनी मृगाच्या आत कळवावे. शिस्तप्रिय यांनाही देईन.