गोंधळ नावांचा नाही, अंतरांचा आहे

एका पालकांनी विचारलंय की त्यांची मुलगी त्रिकोणाचं परिकेंद्र आणि अंतर्वर्तुळाचं केंद्र यांत नेहमी गोंधळते, काय करावं? पाठांतर बंद करा अन् नागपूरचा नकाशा उघडा.

तीन ठिकाणं जोडून त्रिकोण करा. तिन्ही ठिकाणांपासून सारखं अंतर हवं, तर बाजूंचे लंबदुभाजक (बाजूच्या मध्यातून जाणाऱ्या लंब रेषा) काढायचे: ते मिळतात ते परिकेंद्र. त्रिकोणाच्या बाजू म्हणजे तीन रस्ते समजा; त्यांपासून सारखं अंतर हवं, तर कोनदुभाजक: ते मिळतात ते अंतर्वर्तुळाचं केंद्र. आता वाडी, सीताबर्डी, पारडी घ्या. तिन्ही जवळजवळ एका रेषेत, त्यामुळे सीताबर्डीचा कोन भलताच विशाल आणि परिकेंद्र त्रिकोणाच्या पार बाहेर! माझ्या भाच्याला आधी पटेचना. काढल्यावर कागदच पुरला नाही, मग हसला.

मध्यगासंपात सोपा: शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यापर्यंतच्या रेषा, म्हणजे मध्यगा, जिथे मिळतात तो बिंदू. पुठ्ठ्याचा त्रिकोण पेन्सिलीच्या टोकावर तोलून बघा. शिरोबिंदूकडून मध्यगेचे २:१ भाग पडतात. शिरोलंबसंपात, म्हणजे शिरोबिंदूंतून समोरच्या बाजूंवर टाकलेले लंब मिळतात तो बिंदू, काटकोन त्रिकोणात थेट काटकोनाच्याच शिरोबिंदूवर येतो.