मदत हवी आहे: ६०० न्यूटन-मीटरला कोणता क्लच टिकेल?
मंडळी, टर्बो बदलून ट्यूनिंग केल्यापासून गाडीचा टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास गेलाय आणि मूळ क्लचने हात टेकलेत. पाचव्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आरपीएम वर पळतो, वेग मात्र तिथेच. वर जळका वास.

सिरॅमिक क्लच प्लेट घट्ट धरते, पण ट्रॅफिकमध्ये गाडी उचलताना हिसके देते. म्हणून मन ट्विन-डिस्क ऑरगॅनिककडे (दोन प्लेटांचा, नेहमीच्या मऊ अस्तराचा क्लच) झुकतंय: घर्षणाचे पृष्ठभाग २ ऐवजी ४, त्यामुळे प्रेशर प्लेटचा दाब फार न वाढवता पकड मिळते, पेडलही दगड होत नाही.

खरी धास्ती फ्लायव्हीलची, म्हणजे क्लच ज्यावर बसतो त्या इंजिनच्या जड चाकाची. ड्युअल-मास (दोन भागांचं, मधल्या स्प्रिंगांनी धक्के शोषणारं) काढून सिंगल-मास (एकसंध) बसवलं, तर न्यूट्रलमधली खडखड रोज सहन होते का? गाडी रोजच्या वापरातली, ट्रॅकवर क्वचितच. प्रत्यक्ष वापरलेल्यांनी सांगा; कॅटलॉग माझे पाठ झालेत!